वांगावर लेझर घ्यायचा असेल तर : कोकणातल्या उन्हात राहणाऱ्यांसाठी

दर वर्षी चैत्र लागला की माझ्या दवाखान्यात एकच मागणी वाढू लागते. मे महिन्यात घरात लग्न असते, मुंबईहून चाकरमानी यायचे असतात, आणि गालांवरचा वांग त्याआधी लेझरने ‘साफ’ करून हवा असतो. त्या महिन्यात मी बहुतेकांच्या चेहऱ्याला यंत्र लावत नाही. त्यामुळे काही जण नाराज होऊन घाट चढतात आणि दुसरीकडे लेझर करून घेतात, आणि त्यांतले काही आषाढात पुन्हा माझ्यासमोर येऊन बसतात, तेव्हा गाल पूर्वीपेक्षा काळे झालेले असतात. लेझर वाईट असतो म्हणून हे घडत नाही. यंत्र त्वचेत आज साठलेला रंग फोडते, पण तो रंग तयार करणारी पेशी जागच्या जागीच राहते, आणि कोकणात तिला चिथावणारे ऊन अंगणात, बंदरावर आणि एसटीच्या खिडकीतही भेटते. म्हणून आमच्या किनाऱ्यावर यंत्राची पाळी शेवटी येते, आणि ती कोणत्या महिन्यात येते यावर बरेच काही अवलंबून असते. जे पहिल्यांदाच या वाटेला निघाले आहेत, त्यांच्यासाठी ती वाट क्रमाने सांगतो.

पहिली पायरी : डाग कोणता आहे, ते ठरवावे

चेहऱ्यावरच्या प्रत्येक काळपटपणाला आपल्याकडे सरसकट वांग म्हटले जाते, आणि निम्मी फसगत तिथेच होते. खरा वांग बहुधा दोन्ही बाजूंना सारखा असतो. दोन्ही गालांची उंचवट्याची जागा, कपाळ, नाकाचा वरचा भाग, वरचा ओठ, क्वचित हनुवटी, अशा ठिकाणी तपकिरी, कडा वेड्यावाकड्या असलेले पट्टे दिसतात. ते खाजत नाहीत, सोलत नाहीत. गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या, घरात आईला किंवा मावशीला असलेला वांग आणि वर्षानुवर्षांचे ऊन ही त्याची नेहमीची कारणे होत. स्त्रियांत तो जास्त दिसतो, पण होडीवरचे खलाशी आणि आंब्याच्या बागेत दिवस काढणारे पुरुषही मी कमी पाहिलेले नाहीत.

याच्याशी गल्लत होते असे डाग अनेक आहेत, आणि प्रत्येकाची वाट वेगळी आहे. डोळ्याभोवती आणि कपाळावर एकाच बाजूला, बहुतेक वेळा जन्मापासून किंवा वयात येताना दिसू लागलेला निळसर-करडा डाग हा ओटाचा नीवस असू शकतो. त्याला मलमाचा काडीचाही उपयोग होत नाही, मात्र योग्य लेझरने तो फार चांगला उतरतो. उलट मानेच्या मागे आणि कानशिलांवर मखमलीसारखी जाड, काळी पडलेली त्वचा दिसली, तर लेझरआधी रक्तातली साखर आणि वजन तपासावे लागते, कारण तो त्वचेचा नव्हे, इन्सुलिनचा प्रश्न असतो. कपाळाच्या मध्यभागी किंवा केसांच्या कडेने करडे डाग पसरले असतील, तर मी प्रथम कुंकवाबद्दल आणि केसांच्या कलपाबद्दल विचारतो. त्यांतल्या रंगद्रव्यांची ॲलर्जी खाज न सुटताही हळूहळू काळेपणा आणते, आणि कारण तसेच चालू ठेवून वर लेझर मारला तर काळेपणा वाढतो.

आता आमच्या मातीतले एक कारण. आंब्याच्या देठातून उडणारा चीक, काजूच्या टरफलातले तेल आणि बिब्बा ही एकाच कुळातली झाडे आहेत, आणि तिघांचाही रस कातडी भाजतो. हापूस उतरवताना घाम पुसायला हात कपाळाकडे जातो, चीक लागतो, दोन दिवसांनी पुरळ येते, आणि पुरळ गेल्यावर मागे जो काळा डाग राहतो त्याला घरचे वांग म्हणतात. तो वांग नव्हे. त्याला वेळ द्यावा, पुन्हा चीक लागू देऊ नये, आणि कित्येकदा काही महिन्यांत तो आपोआप फिका होतो. चेहऱ्यावर लिंबू चोळून उन्हात जाण्याचा उपायही याच जातीचा आहे. लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आले की त्वचा भाजून आणखी काळी पडते.

सर्वांत त्रासदायक निदान मात्र पिशवीतून बाहेर येते. कोणीतरी सुचवलेली, औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली, शेवटपर्यंत गुंडाळून पिळलेली एक ट्यूब टेबलावर ठेवली जाते, आणि तिच्या वेष्टणावर स्टिरॉइडचे नाव बारीक अक्षरात असते. पहिला महिनाभर चेहरा उजळतो, म्हणून ट्यूब वर्षभर चालते. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, गालांवर लव वाढते, मुरुम येतात, आणि मलम बंद केले की चेहऱ्याची आग होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमे शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, पण तालुक्याच्या बाजारात हा नियम किती पाळला जातो हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. अशा चेहऱ्यावर आधी काही महिने फक्त त्वचा सावरण्याचे काम करावे लागते. तोवर कोणतेही यंत्र लावू नये. त्यामुळे पहिल्या भेटीला जाताना घरातली प्रत्येक ट्यूब, प्रत्येक डबी आणि आयुर्वेदिक म्हणून आणलेले बिनलेबलचे मलमसुद्धा सोबत न्यावे, आणि संकोच न करता दाखवावे.

डॉक्टर भिंगासारख्या डर्मोस्कोपने डाग पाहतात, कधी अंधाऱ्या खोलीत वूड्स लॅम्पचा जांभळा प्रकाश टाकतात. रंग वरच्या थरात आहे की खालच्या, याचा त्यावरून अंदाज येतो. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत हा दिवा नेहमी खरे बोलत नाही, आणि बहुतेकांचा वांग दोन्ही थरांत मिसळलेला असतो. तरीही ही तपासणी न करता कोणी थेट सिटिंगचे पॅकेज पुढे करत असेल, तर तिथून उठावे.

दुसरी पायरी : तीन महिने ऊन आणि धग आवरावी

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि तिला बिल लागत नाही, म्हणून तिच्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. पण वांगाच्या बाबतीत सर्वांत जास्त फरक हीच पायरी पाडते, आणि ती जमली नाही तर पुढचा सारा खर्च वाया जातो.

वेंगुर्ल्यापासून अलिबागपर्यंतच्या आपल्या पट्टीत मेच्या पहिल्या पंधरवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे माध्यान्ही सूर्य नेमका डोक्यावर असतो. त्या सुमारास टोपीची कड आणि पदर थोडा आडोसा देतात, पण किनाऱ्यावर ऊन खालूनही येते. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि लाटांचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परत फेकतो. म्हणून वाळूत मासे सुकवणाऱ्या बाईच्या हनुवटीखालचा भागही रापलेला दिसतो. छत्री हवीच, पण केवळ छत्रीवर भागत नाही.

सनस्क्रीन निवडताना एसपीएफ ३० किंवा ५० पाहावा, आणि वांग असणाऱ्यांनी शक्यतो रंगछटा असलेले, म्हणजे आयर्न ऑक्साइड घातलेले सनस्क्रीन घ्यावे. याचे कारण असे की सावळ्या त्वचेत केवळ अतिनील किरणच नव्हे, तर डोळ्यांना दिसणारा प्रकाश, विशेषतः त्यातला निळा-जांभळा भागही वांग गडद करतो, आणि साधे पारदर्शक सनस्क्रीन तो अडवू शकत नाही. तर्जनी आणि मधले बोट यांवर टोकापासून मुळापर्यंत दोन रेघा काढाव्यात. तेवढे सनस्क्रीन चेहरा आणि मानेला लागते. आमच्याकडे लोक त्याच्या पाव भाग लावतात आणि ‘काही फरक पडला नाही’ म्हणतात. दमट हवेत घामाने ते वाहून जाते, म्हणून दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावे, आणि ज्यांना बंदरावर किंवा बागेत ते शक्य नाही, त्यांनी डोळे सोडून चेहरा सुती ओढणीने बांधून घ्यावा. माझ्या अनुभवात मासे विकणाऱ्या बायकांना ओढणी जमते, सनस्क्रीन जमत नाही, आणि मी त्यांच्याशी त्यावरून वाद घालत नाही.

एक सवय लगेच बदलावी. दवाखान्यात येण्यासाठी एसटीत खिडकीकडची जागा पकडायची आणि दोन तास एक गाल उन्हात ठेवायचा, हे टाळावे. काच भाजणारे किरण बरेचसे अडवते, पण वांग वाढवणारे काही किरण आणि सारा दृश्य प्रकाश तिच्यातून आत येतो.

धगेकडे बहुतेकांचे लक्षच जात नाही. चुलीवर भात रटरटत असताना वाकून फुंकर घालणे, काजूची भट्टी, शिमग्याच्या होमासमोर तास-तास उभे राहणे, या सगळ्याने ऊन नसतानाही वांग चिडतो. चूल सोडता येत नसेल, तर निदान चेहरा तिच्यापासून लांब ठेवता येतो.

तिसरी पायरी : मलम आणि गोळी

याच तीन महिन्यांत डॉक्टर मलमे सुरू करतात. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि सौम्य स्टिरॉइड यांचे तिहेरी मिश्रण हे वांगाचे जुने आणि अजूनही परिणामकारक औषध आहे, पण ते ठरावीक आठवडेच लावायचे असते. वर्षानुवर्षे लावलेले हायड्रोक्विनोन कधी कधी उलटते आणि निळसर-करडा कायमचा डाग देते. त्याच्यापुढे अझेलेइक ॲसिड, कोजिक ॲसिड अशी सौम्य औषधे चालू ठेवता येतात. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे मूळचे रक्तस्राव थांबवणारे औषध असून वांगासाठी ते बहुधा २५० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसातून दोन वेळा, काही महिने दिले जाते. ज्यांच्या पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली होती, ज्यांना पक्षाघात किंवा हृदयविकार झाला आहे, ज्या गर्भनिरोधक गोळ्या घेत आहेत, त्यांनी हे डॉक्टरांना न सांगता घेणे धोक्याचे आहे.

तीन महिन्यांनी त्याच खिडकीजवळ, त्याच वेळी, चेहरा धुऊन फोटो काढावा आणि पहिल्या फोटोशी ताडून पाहावा. निम्म्याहून अधिक फरक पडला असेल तर यंत्राची गरज नाही. हट्टी वांग म्हणजे जो एवढे सारे नीट करूनही हलला नाही, तो. पुढचे सारे फक्त त्याच्यासाठी आहे.

चौथी पायरी : यंत्र काय करते, हे समजून घ्यावे

लेझरच्या या उपयोगामागचे तत्त्व अँडरसन आणि पॅरिश या दोन अमेरिकी संशोधकांनी १९८३ मध्ये मांडले. विशिष्ट लांबीच्या लहरींचा प्रकाश ठरावीक रंगाकडूनच शोषला जातो. तो प्रकाश इतक्या कमी वेळासाठी दिला की रंगाचा कण तापून फुटेल, पण ती उष्णता शेजारच्या पेशीपर्यंत पोहोचण्याआधीच संपेल, तर डाग जातो आणि कातडी वाचते. त्वचेतल्या मेलॅनिनच्या कणांसाठी हा वेळ नॅनोसेकंदांच्या, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागांच्या घरात असावा लागतो. उकळत्या तेलात मोहरी टाकली की ती क्षणात तडतडते, तेवढ्यात कढईतला बटाटा तापतही नाही, असे मी रुग्णांना सांगतो. फुटलेले बारीक कण शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी हळूहळू उचलून नेतात. म्हणून परिणाम आठवड्यांनी दिसतो.

अडचण अशी की हा प्रकाश डागातला रंग आणि आपल्या कातडीचा मूळ रंग यांत फरक करत नाही. त्वचेच्या रंगाची फिट्झपॅट्रिकची एक ते सहा अशी श्रेणी आहे, तिच्यात आपण बहुतेक चौथ्या-पाचव्या पायरीवर बसतो. गोऱ्या कातडीसाठी ठरवलेली ऊर्जा आपल्यावर वापरली, तर डागाआधी त्वचाच भाजते आणि भाजलेली सावळी त्वचा बरी होताना काळी पडते. परदेशातले व्हिडिओ पाहून येणाऱ्यांना एवढे एकच वाक्य पुरेसे असावे, पण ते क्वचितच पुरते.

वांगासाठी आपल्याकडे सर्वांत जास्त वापरला जातो तो क्यू-स्विच्ड, म्हणजे नॅनोसेकंदांची स्पंदने देणारा एनडी-याग लेझर, १०६४ नॅनोमीटर लहरींचा. ही लहर मेलॅनिनला तुलनेने कमी धरते आणि खोलवर जाते, म्हणून सावळ्या त्वचेत ती अधिक सुरक्षित ठरते. याच यंत्रात ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाशही असतो. तो वरवरच्या तिळांसारख्या डागांना चालतो, वांगाला सहसा नाही. वांगासाठी जी पद्धत वापरतात तिला लेझर टोनिंग म्हणतात. त्यात ६ ते १० मिलिमीटर रुंद ठिपका आणि अगदी कमी ऊर्जा, साधारण १ ते ३ ज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर, ठेवून हातातला भाग चेहऱ्यावर फिरवत नेतात. त्वचा जेमतेम गुलाबी व्हावी एवढेच अपेक्षित असते. ती तिथल्या तिथे पांढुरकी झाली किंवा रक्ताचे बारीक ठिपके दिसले, तर ऊर्जा जास्त झाली असे समजावे.

पिकोसेकंद लेझर त्याहूनही कितीतरी कमी वेळाचे स्पंदन देतो आणि रंगाचा कण उष्णतेपेक्षा धक्क्याने फोडतो. भाजण्याचा धोका त्यात कमी असल्याचे मानले जाते, खर्च मात्र बराच जास्त असतो, आणि वांग परत येण्याच्या बाबतीत त्यालाही सूट नाही. १५५० किंवा १९२७ नॅनोमीटरचे फ्रॅक्शनल लेझर त्वचेत सुईच्या टोकाएवढे उष्णतेचे ठिपके सोडतात आणि मधली त्वचा तशीच ठेवतात. आपल्या रंगात काळपटपणा उलटण्याची शक्यता असल्याने ते अनुभवी हातातच असावेत. आयपीएल हा मुळात लेझर नव्हे. तो अनेक लहरींचा एकत्र प्रकाश असून सावळ्या चेहऱ्यावर त्याने भाजल्याचे चौकोनी पट्टे मी पाहिले आहेत, त्यामुळे वांगासाठी मी तो टाळतो. सुयांतून रेडिओलहरी देणारे मायक्रोनीडलिंग रंग पाहतच नाही, म्हणून काही निवडक रुग्णांत ते जोडीला वापरता येते.

पाचवी पायरी : महिना निवडावा

हा भाग पुस्तकात मिळत नाही, आणि तो मला एका रुग्णाच्या नुकसानीतून शिकावा लागला. व्यवसायाच्या तिसऱ्या वर्षी हर्णै बंदरावर मासळीच्या लिलावात बसणाऱ्या एका ताईंना मी पौषात टोनिंग सुरू केले. चार सिटिंगांत गाल इतके सुंदर उतरले की त्यांनी घरच्यांना आणून दाखवले. पाचवी सिटिंग मी फाल्गुनात दिली, सहावी चैत्रात. मला थांबायला हवे होते, पण परिणाम पाहून मीही भुललो होतो. वैशाखात त्या आल्या तेव्हा डाग मूळच्याहून गडद आणि रुंद होता. त्यांनी मला एकही शब्द बोलून दाखवला नाही, फक्त पैसे किती झाले ते पुन्हा एकदा मोजून सांगितले.

तेव्हापासून माझे वेळापत्रक असे आहे. मार्च ते मे हा काळ निदान, ऊन टाळणे आणि मलमे यांसाठी ठेवावा. पहिली सिटिंग मृग लागून पाऊस स्थिरावल्यावर, म्हणजे जूनच्या मध्यानंतर घ्यावी. मच्छीमार कुटुंबांना हा काळ अधिकच सोयीचा पडतो, कारण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, आणि बागायतदारांचा आंबाही तोवर संपलेला असतो. भातलावणीला जाणाऱ्यांनी लावणी उरकल्यावर यावे. पातळ ढगांतून बरेच अतिनील किरण खाली येतात, आणि दिवसभर शेतात वाकून राहिल्यावर पावसाळा असूनही चेहरा रापतो. गणपतीच्या आधी आठ-दहा दिवस सिटिंग नको, कारण मग आरती, फुगड्या, मुंबईची माणसे आणि जागरणे यांत पथ्य पाळले जात नाही. ऑक्टोबरचे ऊन फसवे आणि कडक असते, तेव्हा थांबावे. मार्गशीर्ष ते माघ पुन्हा घेता येते, आणि शिमग्याच्या आत हंगाम बंद करावा. ज्यांना घाटावर किंवा मुंबईला जाऊनच लेझर घ्यावा लागतो, त्यांनी पावसात घाट बंद पडण्याचा हिशेब धरून दोन सिटिंगांमध्ये आठवडाभराची सैल जागा ठेवावी. सिटिंग उशिरा झाली तर बिघडत नाही, घाईने लवकर घेतली तर बिघडते.

सहावी पायरी : कोणाकडे, आणि काय विचारावे

लेझर त्वचारोगाचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावा. ब्यूटी पार्लरमध्ये कमी पैशात ‘कार्बन फेशियल’ म्हणून जे दिले जाते, तेही बहुधा याच जातीचे यंत्र असते, फक्त ते चालवणाऱ्याला तुमच्या त्वचेचा आजार माहीत नसतो. विचारण्यासारखे प्रश्न थोडेच आहेत : माझ्या डागाचे नाव काय, यंत्र कोणते आणि कोणत्या लहरीचे, ऊर्जा किती ठेवणार, प्रत्येक वेळची नोंद मला मिळेल का, आणि लेझरमुळे पांढरे ठिपके दिसू लागले तर पुढे काय करणार. शेवटच्या प्रश्नावर जो डॉक्टर थांबून सविस्तर उत्तर देतो, त्याच्याकडे जावे. दहा सिटिंगांचे पैसे आगाऊ भरू नयेत, कारण चौथ्या सिटिंगला थांबण्याची वेळ आली तर भरलेले पैसे माणसाला थांबू देत नाहीत.

आपल्याला असलेले सर्व काही सांगावे : गरोदरपण, ओठांवर येणारे तापाचे फोड, जखमेवर गाठ उठण्याची खोड, मुरुमांसाठी चाललेली आयसोट्रेटिनॉइन किंवा डॉक्सिसायक्लिनची गोळी. संधिवातासाठी कधी सोन्याची इंजेक्शने घेतली असतील तर तेही सांगावे. हे ऐकून रुग्ण हसतात, पण त्या औषधातले सोने त्वचेत राहते आणि क्यू-स्विच्ड लेझरने तिथेच निळे-काळे पडते. अंगावरच्या दागिन्यांचा याच्याशी संबंध नाही.

मग कानाच्या मागे किंवा जबड्याखाली एका लहान जागी त्याच लेझरची पॅच टेस्ट, म्हणजे चाचणी घ्यावी आणि चार ते सहा आठवडे तिच्याकडे पाहावे. दुसऱ्या दिवशी सर्व ठीक दिसले याला अर्थ नसतो. काळपटपणा उलटायचा असेल तर तो तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उलटतो.

सातवी पायरी : सिटिंगचा दिवस

आठवडाभर आधी ट्रेटिनॉइन आणि ग्लायकोलिक ॲसिड बंद करावे, थ्रेडिंग, ब्लीच आणि फेशियल टाळावे. त्या दिवशी चेहरा साध्या पाण्याने धुऊन, पावडर, काजळ, टिकली काहीही न लावता जावे. चेहऱ्याचा फोटो काढला जातो. नंतर डोळ्यांवर जाड संरक्षक झाकण बसवतात. ते घट्ट बसले आहे ना हे स्वतः हात लावून तपासावे, कारण १०६४ नॅनोमीटरचा किरण डोळ्यांना दिसत नाही आणि नेत्रपटलाला कायमची इजा करू शकतो. खोलीतल्या प्रत्येकाने त्या लहरीसाठी बनवलेला गॉगल घातलेला असावा, आणि सोबत आलेल्या माणसाने बाहेर थांबावे.

यंत्र सुरू झाले की टक-टक-टक असा कोरडा आवाज येतो आणि रबर बँड हलकेच आपटल्यासारखे वाटते. नाकाच्या शेंड्यावर आणि ओठांच्या वर थोडे जास्त टोचते. बारीक लव जळाल्याचा किंचित वास आला तर घाबरू नये. पण एखाद्या जागी चटका बसून तो तसाच राहिला, तर गप्प बसू नये, लगेच थांबवायला सांगावे. ‘सहन होतंय’ म्हणून सोसणे ही आपल्या बायकांची सवय इथे महागात पडते. सारे काम पंधरा-वीस मिनिटांत आटोपते, त्यानंतर थंड पाण्याच्या घड्या ठेवतात आणि सनस्क्रीन लावूनच बाहेर सोडतात. परतीच्या प्रवासासाठी संध्याकाळची गाडी पाहावी.

आठवी पायरी : नंतरचे पंधरा दिवस

गुलाबीपणा काही तासांत ओसरतो. दोन-तीन दिवस साधे मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन याखेरीज काही लावू नये. हळद, चंदन, कोरफडीचा ताजा गर, नारळाचे दूध यांतले काहीही नको. चुलीजवळ जाणे, गरम वाफ घेणे, समुद्रात पोहणे आठवडाभर टाळावे. खपली आली तर ती सोलू नये. फोड आला, एखादा भाग करडा दिसू लागला किंवा तीन दिवसांनंतरही आग होत राहिली, तर फोनवर विचारण्यापेक्षा जाऊन दाखवावे. बंद केलेली मलमे डॉक्टर सांगतील त्या दिवशी पुन्हा सुरू करावीत. लेझर चालू झाला म्हणून मलम सोडून देणे ही मी पाहिलेली सर्वांत सामान्य चूक आहे.

दोन सिटिंगांमध्ये दोन ते चार आठवडे जाऊ द्यावेत. दर आठवड्याला टोनिंग केल्याने फरक लवकर दिसतो खरा, पण रंग बनवणाऱ्या पेशी थकतात आणि तांदळाच्या कणीएवढे पांढरे ठिपके उमटू लागतात. ते दिसले की लेझर त्याच दिवशी बंद करायचा असतो. कधी ते महिन्यांनी भरून येतात, कधी येतच नाहीत.

केव्हा थांबावे

चार सिटिंगांनंतर पहिला आणि आताचा फोटो शेजारी ठेवावा. काहीच हलले नसेल, तर आणखी चार घेऊन हलण्याची शक्यता फार नाही. तेव्हा निदान पुन्हा तपासावे. चांगला फरक असेल, तर सहा ते आठांवर थांबून मलम आणि सनस्क्रीनवर राहावे. वांग पुसून कोरी पाटी होईल असे मी कोणालाही सांगत नाही. दोन हातांवरून दिसणारा डाग जवळ येऊन पाहावा लागावा, एवढे झाले की मी यंत्र बंद करतो. पुढच्या वैशाखात तो थोडा वर येतोच, आणि मृगानंतर एखादी सिटिंग देऊन किंवा नुसत्या मलमाने पुन्हा खाली बसतो. त्या हर्णैच्या ताई आता दर वर्षी मासेमारी बंद झाली की जूनच्या शेवटी एकदाच येतात, चेहरा ओढणीत घट्ट बांधलेला असतो, आणि आत आल्यावर सर्वांत आधी भिंतीवरचे कॅलेंडर पाहून विचारतात, ‘डॉक्टर, औंदा गणपती कधी हत?’